बायपासच्या वेळी बोन मॅरोच्या स्टेम सेल हृदयात टोचतात म्हणे, बाबांसाठी घ्यावं का?

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या. बाबा ६३ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे. मागच्या दिवाळीत रात्री शेतावर असताना अटॅक आला, तिथून दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ गेला. आता अँजिओग्राफी झालीय, तिन्ही शिरांत ब्लॉकेज, एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी शीर) सुरुवातीलाच ९० टक्के, इकोत ईएफ (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के आलीय. चाललं की दम लागतो, रात्री दोन उशा लागतात. सगळे म्हणतात बायपासच करा, त्याबद्दल घरात वाद नाही.
प्रश्न पुढचा आहे. सेकंड ओपिनियनला एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेलो होतो (नाव लिहीत नाही), तिथे सांगितलं की नुसत्या बायपासनं रक्त पोचेल पण मेलेला स्नायू परत येणार नाही, त्यासाठी बाबांच्याच कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून त्यातल्या स्टेम सेल ऑपरेशनमध्येच हृदयात टोचू, म्हणजे नवीन स्नायू तयार होईल आणि ईएफ ४०-४५ पर्यंत जाईल. बायपासच्या खर्चावर साडेतीन लाख जास्तीचे. भाऊ म्हणतो वावर गहाण टाकू पण करू, छाती एकदाच उघडणार आहे, तेव्हाच काय ते करून घेऊ. आई काही बोलत नाही, नुसती आमच्या तोंडाकडे बघते. बाबा म्हणतात तुम्ही ठरवा.
कुणाला याची खरी माहिती आहे का? जाहिरातीतली नको, तसली भरपूर वाचून झाली. हे खरंच होतं का, आणि नाही केलं तर बाबांचं काही कमी पडेल का एवढंच कळायला हवंय.

पंपावरचा_माणूस
ताई, मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे बायपास चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवतो. आधी प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो, कारण माहितीपत्रकातली रंगीत चित्रं बघून भलतंच काहीतरी डोळ्यासमोर येतं.
ऑपरेशनच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कमरेच्या मागच्या हाडातून, मागे हात लावला की कडेला जो टणक उंचवटा लागतो ना तिथून, जाड सुईनं साधारण शंभर-दीडशे मिली मॅरो ओढतात. दिसायला रक्तासारखंच, जरा दाट, वर चरबीचे बारीक कण तरंगतात. ते लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजला फिरवून तांबड्या पेशी बाजूला काढायच्या, मधे जो पांढुरका पातळ थर राहतो तो घ्यायचा, त्यात मोनोन्यूक्लिअर (एकच गोल केंद्रक असलेल्या) पेशी असतात, स्टेम सेल त्यांच्यातच. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन चुंबकी मणी वापरून त्यातल्या सीडी३४ किंवा सीडी१३३ अशी खूण असलेल्या तेवढ्याच पेशी वेचतात, त्या अगदीच थोड्या निघतात. मग सगळे ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालणाऱ्या नव्या शिरा, जोडून झाले, हृदय अजून थांबवलेलंच आहे, अशा वेळी सर्जन बारीक सुईनं जुन्या अटॅकच्या डागाच्या कडेकडेनं दहा-पंधरा ठिकाणी थोडं थोडं टोचतो. एवढंच. पाच-दहा मिनिटांचं काम.
आता डाग म्हणजे काय तेही सांगतो. हृदय उघड्यावर असतं तेव्हा तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, आजूबाजूचा स्नायू तांबूस, जाड, आणि डागाची जागा पांढरट, पातळ, बोटाखाली चामड्यासारखी. तिथे स्नायूच्या पेशी नाहीतच, जखम भरून आलेला धागा आहे सगळा. आपल्या हृदयात नव्या स्नायूपेशी फारच कमी बनतात. २००९ मध्ये स्वीडनच्या लोकांनी फार हुशारीनं हे मोजलं, अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या पेशींत किती उतरलाय ते बघून त्यांनी काढलं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी बदलतात आणि पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. म्हणून तर बाहेरून पेशी आणून घालायची कल्पना पुढे आली, आणि कल्पना वाईट नव्हती हे मी मनापासून म्हणतो.
अडचण अशी की टोचलेल्या पेशी तिथे राहतच नाहीत. हृदयाचं रक्त अडवणारा चिमटा (क्लॅम्प) काढला, हृदय धडधडायला लागलं की बऱ्याचशा शिरांतून धुवून निघून जातात, फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत. हानोफरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये पेशींना किरणोत्सारी खूण लावून माग काढला होता, त्यांनी कॅथेटरनं (बारीक नळीनं) कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या शिरेतून सोडल्या होत्या, तर साध्या मॅरो पेशींतल्या तासाभरानं हृदयात जेमतेम १ ते ३ टक्के सापडल्या. थेट स्नायूत टोचल्यावर जरा जास्त टिकतात, पण त्यातही बहुतेक काही दिवसांत मरतात. मग नवीन स्नायू कुणी बनवायचा?
तुमच्या भावाचं "छाती एकदाच उघडणार" हे पटण्यासारखं वाटतं खरं, पण त्यावरून साडेतीन लाखांचा निर्णय घेऊ नका. बायपास मात्र लांबवू नका.

सोलापूरचा_शाम
वरच्या दादांबद्दल आदर ठेवून वेगळा अनुभव सांगतो. माझ्या मावशीच्या मिस्टरांना बायपाससोबत अशा पेशी दिल्या होत्या, दिल्या म्हणजे अभ्यास चालू होता त्यात त्यांचं नाव घातलेलं, पैसे घेतले नव्हते. ऑपरेशनच्या आधी जिना चढवत नव्हता, सहा महिन्यांनी स्वतः मार्केट यार्डात जायला लागले, ईएफ २८ ची ४० झाली. आज सत्तरी ओलांडलीय आणि ठणठणीत आहेत. आमच्या घरात तरी सगळे त्या पेशींनाच हात जोडतात. पुस्तकी आकडे एकीकडे आणि डोळ्यांनी बघितलेला माणूस एकीकडे. पैशांची सोय होत असेल तर ताईंनी विचार करावा असं माझं मत.

हॅम्बुर्गवरून_नमस्कार
शामभाऊ, तुमचे काका बरे झाले हे खरंच आहे आणि ते तसेच राहोत. पण तुम्ही लिहिलंय त्यातच खरी मेख आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम करतो, आणि ही बायपाससोबत पेशी टोचायची गोष्ट मुख्यतः जर्मनीतच वाढली, त्यामुळे हे पेपर मी बरेच वाचलेत.
सुरुवात २००१ ची. त्या वर्षी अमेरिकेतून पिएरो अन्व्हर्सांच्या गटाचा पेपर आला, उंदरांना अटॅक आणवून मॅरोच्या पेशी टोचल्या तर नवा स्नायू बनतो असा. जगभर खळबळ. त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फला श्ट्राउअर यांनी माणसाच्या कोरोनरी शिरेतून मॅरो पेशी सोडल्या आणि रोस्टॉकला, म्हणजे इथून ईशान्येकडे समुद्राकाठी जे शहर आहे तिथे, गुस्टाफ श्टाइनहॉफ आणि क्रिस्टॉफ श्टाम यांनी बायपास करतानाच सीडी१३३ पेशी टोचल्या. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांचे पहिले ६ पेशंट छापून आले. मग ४० पेशंटांचा अभ्यास, २००७ मध्ये. निम्म्यांना बायपास आणि पेशी, निम्म्यांना नुसती बायपास. पेशीवाल्यांची ईएफ सरासरी ३७ वरून ४७ गेली, नुसत्या बायपासवाल्यांची ३८ वरून ४१. तुम्हाला हॉस्पिटलात जे "४०-४५ पर्यंत जाईल" सांगितलं ना ताई, ते असल्याच जुन्या आकड्यांवरून येतं, आणि ते आकडे खोटे होते असं मी म्हणत नाही, पण गोष्ट तिथे थांबली नाही.
पुढे काय झालं ते महत्त्वाचं. बर्लिनच्या हार्ट सेंटरमध्ये कार्डिओ१३३ नावाची ट्रायल झाली, ६० पेशंट, सगळ्यांची ईएफ ३५ च्या खाली म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखे. सगळ्यांचा मॅरो काढला, सगळ्यांना इंजेक्शन टोचली, फक्त निम्म्यांच्या सिरिंजमध्ये पेशी होत्या आणि निम्म्यांच्या नुसतं द्रावण. सर्जनला माहीत नाही, पेशंटला माहीत नाही, नंतर एमआरआय वाचणाऱ्यालाही माहीत नाही. आणि यात श्टाम स्वतः होते, म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यांनीच प्रामाणिकपणे तपासून बघितलं. २०१४ मध्ये निकाल आला, ईएफमध्ये दोन्ही गटांत फरक नाही. डागाचा आकार आणि त्या भागातलं रक्त यात थोडंसं बरं दिसलं, पण पेशंटच्या चालण्या-फिरण्यात किंवा तब्येतीत त्याचा काही उपयोग दिसला नाही.
मग रोस्टॉकवाल्यांची परफेक्ट नावाची मोठी ट्रायल, १४२ पेशंट घ्यायचे होते, ८२ वर थांबली, २०१७ मध्ये छापली. तिथेही तेच, पेशी मिळालेल्यांची ईएफ वाढली आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचीही जवळजवळ तेवढीच वाढली. शामभाऊ, तुमच्या काकांचं उत्तर इथे आहे. बायपासनं ईएफ वाढते! आणि ती खूप वाढू शकते. ज्यांना पेशी मिळाल्या ते बरे झाले की घरचे श्रेय पेशींना देतात, ज्यांच्या सिरिंजमध्ये पेशी नव्हत्या तेही बरे झाले, पण त्यांच्या घरीही वाटलं असणार की पेशींनीच केलं. म्हणून शेजारी दुसरा गट ठेवावा लागतो, त्याच्याशिवाय एका माणसावरून कळायला मार्ग नाही. त्या टीमनं पुढे रक्ताच्या तपासण्यांतून कोण जास्त सुधारतो हे शोधायचा प्रयत्न केला, एसएच२बी३ नावाच्या जीनशी काही संबंध असावा असं म्हणतात, पण ते सुधारणारे पेशंटही दोन्ही गटांत होते.
इंग्लंडमध्ये लेस्टरला ६३ बायपास पेशंटांवर असंच केलं होतं, २००८ मध्ये छापलं, काहींना डागात टोचून, काहींना ग्राफ्टमधून सोडून. डागाची जागा काही हलली नाही.
आणि एक गोष्ट, जी वाचून मला स्वतःला वाईट वाटलं होतं. २०१४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी बोन मॅरो आणि हृदय यावरच्या ४९ ट्रायलचे सगळे पेपर ओळीनं तपासले, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात का, तक्त्यात एक आणि मजकुरात दुसरं असं आहे का, एवढंच. ६०० च्या वर विसंगती निघाल्या. ज्या ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त चुका तिथे ईएफ सगळ्यात जास्त वाढलेली, साडेसात टक्क्यांच्या पुढे, आणि ज्या ५ ट्रायलमध्ये एकही चूक नव्हती तिथे फायदा शून्य. त्या २००१ च्या उंदरांच्या पेपरचंही तसंच, २००४ मध्ये सिअ‍ॅटल आणि स्टॅनफर्ड अशा दोन प्रयोगशाळांनी करून बघितलं तर मॅरोच्या पेशी रक्ताच्याच पेशी राहतात, हृदयाच्या होत नाहीत असं निघालं. अन्व्हर्सांनी पुढे हृदयातच स्टेम सेल असतात असं मांडलं, त्यावरही वर्षानुवर्षं पैसा आणि पेशंट लागले, आणि २०१८ मध्ये हार्वर्डनं त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्या अशी जर्नलांना शिफारस केली. एवढ्या लोकांची आशा अशा कागदांवर उभी होती याचा राग येतो.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, रात्री भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो आता म्हणतो की ठीक आहे फायदा नक्की नसेल, पण बाबांच्याच पेशी आहेत, नुकसान तर काही नाही ना? तिथल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, स्वतःच्या पेशी, शरीर नाकारत नाही, साइड इफेक्ट शून्य. आणि हे असं सरळ पैसे घेऊन करायला परवानगी असते का आपल्याकडे? रक्ताच्या कॅन्सरला तर बोन मॅरोचं करतात की.

मॅरो_वॉर्ड
मी बोन मॅरो ट्रान्सप्लांट वॉर्डला सिस्टर आहे म्हणून शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. आमच्याकडे ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा पेशंटना मॅरोच्या पेशी देतात त्या शिरेतून जातात, आपापल्या हाडात जाऊन बसतात आणि रक्त बनवतात. ते त्यांचं रोजचंच काम आहे, जन्मभर तेच करतात. दोन-तीन आठवड्यांनी काऊंट वर यायला लागले की आम्हाला रोजच्या रिपोर्टमध्ये दिसतं, तिथे शंका घ्यायला जागाच राहत नाही. हृदयाचा स्नायू बनवणं हे त्या पेशींचं कामच नाही, वर हॅम्बुर्गच्या दादांनी लिहिलंय तसं. त्यामुळे "कॅन्सरला चालतं मग हृदयाला का नाही" या बोलण्यात अडकू नका, खूप जणांना असंच समजावलं जातं.
शरीर नाकारत नाही हे बरोबर आहे. आणि ज्या ट्रायल झाल्या त्यांत पेशींमुळे मोठा धोका दिसला असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण साइड इफेक्ट शून्य हे चूक. ईएफ ३० असलेल्या, शुगर असलेल्या माणसाच्या कमरेत जाड सुई घालून दीडशे मिली ओढायचं, तेही तो रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असताना, तिथे रक्त साकळू शकतं, इन्फेक्शन होऊ शकतं. पेशी लॅबमध्ये नेल्या, हाताळल्या, परत आणल्या, ती लॅब कशी आहे, तिथे बॅक्टेरियाची तपासणी होते का, किती पेशी जिवंत होत्या हे मोजतात का, हे तुम्हाला कुणी दाखवलं? पंपावरचा वेळ वाढतो तो वेगळाच. हे सगळं सोसायचं तर समोर काहीतरी मिळायला हवं.
परवानगीचं म्हणाल तर आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्र सरकारच्या संशोधन संस्था-विभागांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की रक्ताच्या वगैरे ठरलेल्या आजारांसाठीचं मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर हा संशोधन धरायचा, तो मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असते, ती साइट कुणालाही उघडून बघता येते. तुमच्या भावाला सांगा तिथे जाऊन तीनच गोष्टी विचार, सीटीआरआयचा नंबर द्या, एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र दाखवा, आणि ट्रायल असेल तर आम्ही पैसे का भरायचे. उत्तर काय येतं त्यावरून तुम्हाला कळेल. शामभाऊंच्या काकांकडून पैसे घेतले नव्हते ना, ते तिथे बरोबर चाललं होतं.

सोलापूरचा_शाम
सिस्टर आणि हॅम्बुर्गचे भाऊ, पटलं. काकांना दोन्हीतलं काय मिळालं हे आम्हाला आजही माहीत नाही हे आत्ता लक्षात आलं. साडेतीन लाख भरा असं मी म्हणालो ते मागे घेतो, ताई. पण मग जगभर एवढी वर्षं हे चाललंय ते सगळं वाया गेलं का?

हॅम्बुर्गवरून_नमस्कार
वाया नाही गेलं भाऊ. एक तर कळलं की पेशी स्वतः स्नायू बनवत नाहीत, जो काही थोडाफार परिणाम प्राण्यांत दिसतो तो सूज आणि जखम भरण्यातून येतो. सिनसिनाटीच्या एका गटानं तर उंदरांत मेलेल्या पेशी टोचल्या तरी तेवढाच फायदा होतो हे दाखवून दिलं. अटॅकनंतर लगेच कॅथेटरनं पेशी सोडायच्या मोठ्या युरोपीय ट्रायलला, बामी तिचं नाव, ३००० पेशंट हवे होते, ३७५ मिळाले, २०२० मध्ये निकाल आला, दोन वर्षांतल्या मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. जुनाट हृदयविकारात छोट्या छोट्या ट्रायल एकत्र केल्या तर दीर्घकाळात थोडा फायदा असावा असं २०१६ च्या कॉक्रेन (सगळ्या ट्रायल एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात आलंय, पण पुरावा कमी दर्जाचा आहे असं त्यांनीच लिहिलंय.
आता रस्ता बदललाय. ग्योटिंगेनला प्रयोगशाळेत खरोखरच हृदयाचा स्नायू बनवून, आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत परत स्टेम सेलसारख्या केलेल्या), त्याचा तुकडा हृदयावर शिवतात. २०२५ च्या जानेवारीत नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आलं. ४६ वर्षांच्या एका बाईंना लावला, तीन महिन्यांनी त्यांना ट्रान्सप्लांटचं हृदय मिळालं तेव्हा जुनं हृदय तपासलं तर तो तुकडा जिवंत होता, त्यात रक्तवाहिन्याही आल्या होत्या. मला यातून काहीतरी निघेल असं वाटतं. पण ते दुसऱ्याच्या पेशींचं असतं, शरीरानं नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतात आणि ते अजून ट्रायलमध्येच आहे. ताईंच्या बाबांचं ऑपरेशन आत्ता आहे.

गावाकडचा_फिजिशियन
उशिरा वाचलं, पण एक मुद्दा कुणी नीट घेतला नाही आणि तोच तुमच्या बाबांसाठी सगळ्यात मोठा आहे.
"मेलेला स्नायू परत येणार नाही" हे वाक्य खरं आहे, पण इकोत जो भाग हलत नाही तो सगळा मेलेला असतो असं नाही. रक्त कमी पडतंय म्हणून काही स्नायू काम थांबवून नुसता जीव धरून असतो, पाणी कमी पडलं की पीक माना टाकतं तसं, मुळं जिवंत असतात. बायपासनं रक्त मिळालं की तो हळूहळू परत चालायला लागतो, कधी आठवड्यांत, कधी काही महिन्यांत. पेशी न मिळालेल्यांची ईएफ वाढली ती यामुळेच. तर तुमच्या सर्जनला विचारा की बाबांचा किती स्नायू जिवंत आहे, ते कार्डियाक एमआरआयवर चांगलं दिसतं, पेट स्कॅन किंवा थॅलियमवरही कळतं. मात्र तो रिपोर्ट हवाच म्हणून ऑपरेशन अडवून धरू नका, तीन शिरा, सुरुवातीचा एलएडी, शुगर, ईएफ ३० असा पेशंट असला की बायपासचा फायदा तसाही चांगला सिद्ध झालेला आहे. स्टिच नावाची ट्रायल होती, ईएफ ३५ किंवा खाली असलेले १२१२ पेशंट, निम्म्यांना औषधं आणि बायपास, निम्म्यांना नुसती औषधं. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात औषधांवरचे ६६ टक्के दगावले, बायपासवाले ५९ टक्के. आकडे ऐकायला जड आहेत, पण फरक खरा आहे आणि तो साडेतीन लाख जास्तीचे न भरता मिळतो.
दुसरं म्हणजे औषधं. ईएफ कमी असलेल्यांसाठी आज चार प्रकारची औषधं आहेत ज्यांनी माणसं जास्त जगतात हे हजारो पेशंटांवर दिसलंय. सॅक्युबिट्रिल-वॅलसार्टन, नाहीतर परवडत नसेल तर रॅमिप्रिलसारखी जुनी गोळी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातली बरीच आता जेनेरिक स्वस्त मिळतात. माझ्याकडे येणाऱ्यांत बायपास झालेले कितीतरी जण सहा महिन्यांत "आता बरं वाटतंय" म्हणून निम्म्या गोळ्या बंद करून बसलेले असतात, किंवा डोस पहिल्या दिवशी होता तोच वर्षभर चालू असतो, कुणी वाढवतच नाही. हे नीट केलं तर तुम्ही त्या पेशींकडून जे मागताय त्यातलं बरंच हाती येईल. तीन महिन्यांनी परत इको करायची, तेव्हाही ईएफ ३५ च्या खाली राहिली तर आयसीडी (ठोके बिघडले की शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं छातीत बसवायचं यंत्र) बसवायचा का हे कार्डिऑलॉजिस्टला विचारायचं, कारण कमी ईएफमध्ये अचानक ठोके बिघडून दगावण्याचा धोका असतो.
वावर गहाण टाकू नका. बायपास महात्मा फुले योजनेत बसते, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा.

कृष्णाकाठची_लेक
डॉक्टर, बाबांच्या शुगरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन आत्ता आहेच, मेटफॉर्मिनसोबत. ती चालूच ठेवायची का ऑपरेशनपर्यंत? भावानं आज सकाळी त्या हॉस्पिटलात फोन करून सीटीआरआयचा नंबर मागितला, ते म्हणाले नंतर कळवतो. आम्ही आता योजनेतल्या हॉस्पिटलात तारीख घ्यायचं ठरवलंय.

गावाकडचा_फिजिशियन
हे विचारलंत ते फार बरं केलंत. डॅपाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर उपाशीपोटी असताना रक्तात कीटोन वाढून अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) होऊ शकतो, आणि तेव्हा शुगर फार वाढलेली दिसत नाही म्हणून ते चटकन लक्षातही येत नाही. ऑपरेशननंतर खाणंपिणं नीट सुरू झालं की परत चालू करतात. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तर तीही साधारण पाच दिवस आधी थांबवावी लागते, अ‍ॅस्पिरिन बहुतेक सर्जन चालूच ठेवतात. पण यातलं काही आपल्या मनानं बंद करू नका, भरती व्हायच्या आठवडाभर आधी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सर्जनच्या आणि भूलतज्ज्ञांच्या समोर ठेवा आणि कुठली कधी बंद करायची ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. मागच्या वेळचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्टही सोबत न्या.